जुन्या संगणकाच्या पॉवर सप्लायसाठी बदली पार्ट कसा शोधायचा

चाळीस वर्षं जुना संगणक चालू होत नसेल, तर आधी पॉवर सप्लाय बघावा. सगळ्या यंत्रात सर्वांत जास्त उष्णता आणि सर्वांत जास्त व्होल्टेज त्यानेच सोसलेलं असतं, आणि वयाबरोबर हमखास खराब होणारे पार्टही तिथेच दाटीवाटीने बसलेले असतात. १९७७चा ॲपल टू असो, १९८१चे आयबीएम पीसी आणि बीबीसी मायक्रो असोत किंवा १९८२चा कमोडोर ६४, सगळ्यांची हीच गोष्ट.

मल्टिमीटर हाताशी असेल तर दोष सापडतो. अडचण पुढे येते. जळालेल्या पार्टवर एक नंबर असतो, तो शोधायला जावं तर त्याचं उत्पादन कधीच थांबलेलं असतं. मग लोक तोच नंबर जगभर शोधत राहतात, आणि शेवटी अनोळखी विक्रेत्याकडून नकली माल गळ्यात पडतो. माझं सांगणं असं की नंबराच्या मागे धावण्याआधी तो पार्ट त्या जागेवर कोणतं काम करत होता ते समजून घ्या. काम कळलं की कोणता आकडा तंतोतंत जुळायला हवा, कुठे सूट आहे आणि कुठे अजिबात नाही हे कळतं. मग आज मिळणाऱ्या पार्टमधूनही चांगला पर्याय निघतो.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण ती जिवाची आहे. २३० व्होल्टच्या लाइनचं डीसी झालं की साधारण ३२५ व्होल्ट होतात, आणि प्लग काढल्यावरही ते मोठ्या कॅपॅसिटरमध्ये साठून राहू शकतात. ते काही किलोओहमच्या, पाच-दहा वॉटच्या रेझिस्टरमधून उतरवा आणि मीटर लावून शून्य झाल्याची खात्री करा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करण्याचा प्रकार नको. स्विचिंग सप्लायची (वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून हवा तो व्होल्टेज घडवणाऱ्या सप्लायची) लाइनकडची बाजू आणि आउटपुटची बाजू यांचा ग्राउंड एक नसतो, हेही डोक्यात पक्कं असू द्या. मेन्सवर काम करायची सवय नसेल तर पार्ट शोधून द्या, पण सप्लाय जाणत्या माणसाकडून उघडून घ्या.

फिल्टरचे कॅपॅसिटर: इथे तडजोड नाही

लाइन आत येते तिथे, फ्यूजच्या जवळ, चौकोनी आकाराचे दोन-तीन कॅपॅसिटर असतात. त्या काळच्या कितीतरी यंत्रांत ते रिफा कंपनीचे, पीएमई २७१ मालिकेचे आहेत. भिंगातून नीट बघा. पिवळसर-तपकिरी पारदर्शक इपॉक्सीचं कवच असतं आणि त्यावर केसासारख्या बारीक भेगा जाळ्यासारख्या पसरलेल्या दिसतात. आत धातूचा मुलामा दिलेला कागद असतो. भेगांतून हवेतली ओल वर्षानुवर्षं त्या कागदात मुरते. मग कोणीतरी माळ्यावरून संगणक काढतो, हौसेने प्लग लावतो, आणि थोड्याच वेळात कडवट वासाचा दाट धूर खोलीभर होतो. गंमत म्हणजे संगणक बऱ्याचदा तसाच चालू राहतो, कारण त्या कॅपॅसिटरचं काम फक्त लाइनवरचा विद्युत गोंगाट गाळण्याचं असतं. भेगा दिसोत वा न दिसोत, हे कॅपॅसिटर लाइन लावण्याआधीच बदलावेत असं माझं ठाम मत आहे.

बदलताना बघायचा तो वर्ग. लाइन आणि न्यूट्रल यांच्यामध्ये बसतो तो एक्स वर्गाचा. तो शॉर्ट झाला तर फ्यूज उडतो. लाइन किंवा न्यूट्रलपासून अर्थ केलेल्या बॉडीपर्यंत जातो तो वाय वर्गाचा. तो शॉर्ट झाला आणि अर्थिंग धड नसेल, तर संगणकाच्या पत्र्यावरच लाइन येते. म्हणून वाय वर्गाच्या जागी वाय वर्गाचाच कॅपॅसिटर लागतो. ‘६३० व्होल्ट डीसी’ लिहिलेला साधा फिल्म कॅपॅसिटर किंवा १ किलोव्होल्टची सिरॅमिक चकती आकड्यात मोठी दिसली तरी इथे चालत नाही, कारण लाइनवर येणाऱ्या झटक्यांसाठी आणि सुरक्षितपणे निकामी होण्यासाठी तिची परीक्षा झालेली नसते. वर्गाच्या अक्षरापुढचा आकडा त्याची उपश्रेणी सांगतो. एक्स२च्या जागी तितक्याच किंवा जास्त व्होल्टेजचा वाय२ बसवता येतो, पण वाय२च्या जागी एक्स२ कधीच नाही.

जुन्यावर २५० व्होल्ट एसी लिहिलेलं असेल तर आज २७५, ३०५ किंवा ३१० व्होल्ट एसीचे पॉलिप्रॉपिलिनचे कॅपॅसिटर सहज मिळतात. मूल्य तेवढंच ठेवा. विशेषतः वाय कॅपॅसिटर मोठा घेतला तर अर्थकडे जाणारा गळती प्रवाह वाढतो. पायांमधलं अंतर मात्र बहुधा जुळत नाही. जुन्यात ते २० मिलिमीटरच्या आसपास असतं, नव्यात १५ किंवा २२.५. पाय वाकवा, पण मुळाशी ताण येऊ देऊ नका, आणि उघड्या पायावर स्लीव्ह चढवा.

इलेक्ट्रोलिटिक

इलेक्ट्रोलिटिक म्हणजे आत द्रव असलेले, डब्याच्या आकाराचे कॅपॅसिटर. सगळ्यात जास्त बदलावे लागतात ते हेच, आणि सगळ्यात जास्त चुकीचे बदललेही हेच जातात. बहुतेक जण मायक्रोफॅरड आणि व्होल्ट हे दोनच आकडे जुळवतात. स्विचिंग सप्लायमध्ये एवढ्याने भागत नाही. तिथे कॅपॅसिटरमधून सेकंदाला हजारो वेळा प्रवाह आत-बाहेर होतो, त्यामुळे दोन आकडे आणखी बघावे लागतात: ईएसआर, म्हणजे कॅपॅसिटरचा स्वतःचा अंतर्गत रोध, आणि रिपल करंट, म्हणजे तापून खराब न होता तो किती चढउताराचा प्रवाह सोसू शकतो. पाण्याची टाकी मोठी असली तरी तोटी गंजून अरुंद झाली असेल तर धार बारीकच लागणार. मायक्रोफॅरड म्हणजे टाकीचं आकारमान आणि ईएसआर म्हणजे तोटीचा अडथळा. जुना कॅपॅसिटर साध्या मीटरवर बरोबर मूल्य दाखवतो आणि तरीही सप्लायचा व्होल्टेज डळमळतो, तो यामुळे.

व्होल्टेज मूळ इतका किंवा वरच्या पायरीचा घ्या. तापमानाचं रेटिंग ८५ अंश असेल तर १०५ घ्या. तापमान दर दहा अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट होतं हा ढोबळ नियम धरला, तर ८५ अंशाला २००० तास टिकणाऱ्या पार्टपेक्षा १०५ अंशाला २००० तास टिकणारा पार्ट त्याच उष्णतेत चौपट टिकतो. मूल्यात वीसेक टक्के वाढ बहुतेक जागी चालते. लाइनकडचे मोठे कॅपॅसिटर मात्र दुप्पट करायचा मोह टाळा. चालू करताच ते भरायला जो झटका बसतो तो एसीचं डीसी करणारा ब्रिज रेक्टिफायर आणि स्विच यांना सोसावा लागतो, आणि ते मूळच्या मापाने निवडलेले असतात.

आकाराची एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. त्याच मूल्याचा नवा कॅपॅसिटर जुन्यापेक्षा बराच लहान मिळतो. लहान डब्याला पृष्ठभाग कमी, म्हणजे उष्णता बाहेर टाकायची ताकदही कमी. बोर्डवर जागा आहे, तर त्याच मूल्याचा वरच्या व्होल्टेजचा किंवा कमी ईएसआर मालिकेचा, जुन्याच्याच व्यासाचा घ्या. तो बोर्डवर घट्ट बसतो आणि रिपलही जास्त सोसतो.

उलट टोकाला जाऊन सरसकट पॉलिमर कॅपॅसिटर लावणारेही असतात. त्यांचा ईएसआर फारच कमी असतो. जुन्या सप्लायचं फीडबॅकचं, म्हणजे आउटपुट बघून स्वतःला सावरण्याचं, गणित आउटपुट कॅपॅसिटरचा ठरावीक ईएसआर गृहीत धरून मांडलेलं असतं. तो एकदम नाहीसा झाला तर सप्लाय अस्थिर होऊ शकतो. स्विचिंगसाठीच बनवलेला साधा, कमी ईएसआरचा इलेक्ट्रोलिटिक हाच योग्य पर्याय. जुन्या साठ्यातला ‘न वापरलेला’ इलेक्ट्रोलिटिक अजिबात घेऊ नका. तो न वापरताही म्हातारा झालेला असतो.

आता एक छोटा पार्ट, ज्याने भल्याभल्यांना फिरवलं आहे. सप्लाय टिक-टिक करतो, पंखा किंचित हलून थांबतो, पण चालू होत नाही. मोठे कॅपॅसिटर बदलले, ट्रान्झिस्टर तपासले, सगळं ठीक. नियंत्रक चिप यूसी३८४२ जातीची असेल तर तिच्या शेजारचा नखाएवढा, साधारण ४७ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर बघा. ही चिप १६ व्होल्टला जागी होते आणि १० व्होल्टच्या खाली झोपते. सुरुवातीला मोठ्या रेझिस्टरमधून झिरपणाऱ्या प्रवाहाने तो कॅपॅसिटर हळूहळू भरतो. चिप जागी झाली की ट्रान्सफॉर्मरच्या मदतनीस गुंडाळीतून वीज येईपर्यंतचे काही क्षण त्याच साठ्यावर काढायचे असतात. तो वाळलेला असेल तर साठा पुरत नाही, चिप झोपते, पुन्हा भरते, पुन्हा झोपते. म्हणूनच ती टिक-टिक. बहुधा तो एखाद्या गरम रेझिस्टरला किंवा हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याला) खेटून बसवलेला असतो, आणि त्याच उष्णतेने तो वाळतो. इथे १०५ अंशाचा, जास्त तासांचा पार्ट घ्या, आणि जमलं तर त्या गरम पार्टपासून जरा दूर बसवा.

१९७५च्या आल्टेअर ८८००सारख्या यंत्रांत लिनियर, म्हणजे स्विचिंग नसलेला, सप्लाय असतो आणि त्यात कॅपॅसिटरचे मोठाले डबे असतात. तिथे प्रश्न फक्त मापाचा. नवा लहान डबा क्लॅम्पमध्ये आधार देऊन बसवला की झालं.

ट्रान्झिस्टर आणि डायोड: नंबर वाचायचा कसा

पार्टवर दोन ओळी असतील तर त्यातली एक बहुधा तारखेची असते. ‘८४३२’ म्हणजे १९८४चा ३२वा आठवडा. व्होल्टेज स्थिर ठेवणारे ७८००च्या घरातले रेग्युलेटर आणि सत्तरच्या दशकातले तारीख-कोड सारखेच दिसतात, त्यामुळे तारखेलाच नंबर समजून शोधत बसण्याचा प्रकार सर्रास होतो.

जपानी ट्रान्झिस्टरवर सुरुवातीचं ‘२एस’ छापत नाहीत. नुसतं ‘सी२३३५’ दिसलं तर डेटाशीट (उत्पादकाचं माहितीपत्रक) २एससी२३३५ या नावाने शोधायची. ‘२एस’नंतरचं अक्षर ए किंवा बी असेल तर पीएनपी, सी किंवा डी असेल तर एनपीएन; हे ट्रान्झिस्टरचे दोन उलट प्रकार. अमेरिकी पद्धतीत डायोड १एनने आणि ट्रान्झिस्टर २एनने सुरू होतात. युरोपीय पद्धतीत बीसी, बीयू, बीवाय अशी अक्षरं येतात आणि दुसरं अक्षर काम सांगतं: बीवाय म्हणजे रेक्टिफायर डायोड, बीयू म्हणजे जास्त व्होल्टेजचा पॉवर स्विचिंग ट्रान्झिस्टर. यापलीकडे कंपन्यांचे घरचे नंबर असतात. एचपीच्या यंत्रात १८५४ने सुरू होणारा नंबर दिसला तर तो एनपीएन ट्रान्झिस्टर, १८५३ पीएनपी आणि १८२६ लिनियर आयसी. अशा नंबरांचे तक्ते उत्साही लोकांनी जपून ठेवले आहेत. तक्ता मिळाला नाही तर सर्किट वाचण्याला पर्याय नाही, आणि तिथेच ‘काम काय’ हा प्रश्न मदतीला येतो.

समजा सी२३३५ जळाला आहे. त्याची मर्यादा ४०० व्होल्ट आणि ७ अँपिअर. मूळ पार्ट मिळत नाही, पण एमजेई१३००७ मिळतो: ४०० व्होल्ट, ८ अँपिअर, पायांची मांडणी तीच. चालेल का? उत्तर सर्किटवर आहे. दोन ट्रान्झिस्टरांची हाफ-ब्रिज रचना असेल, तर बंद ट्रान्झिस्टरवर लाइनच्या डीसीएवढाच, म्हणजे साधारण सव्वातीनशे व्होल्टचा ताण येतो. तिथे ४०० व्होल्टचा पार्ट योग्य. एकाच ट्रान्झिस्टरची फ्लायबॅक रचना असेल तर ट्रान्सफॉर्मरचा परतीचा व्होल्टेज त्यात मिळून ताण सहज दुपटीवर जातो. तिथे सातशे-आठशे व्होल्टच्या घरातला पार्ट पाहिजे. व्होल्टेज आणि अँपिअरनंतर वेग बघा. डेटाशीटमध्ये स्टोरेज टाइम आणि फॉल टाइम असतात, ते मूळ पार्टच्या जवळपास हवेत. मंद ट्रान्झिस्टर वेळेत बंद होत नाही आणि तापून मरतो. हाफ-ब्रिजमधले दोन्ही एकाच वेळी, एकाच बॅचचे बदला. अशा बायपोलर ट्रान्झिस्टरच्या जागी मॉस्फेट हा दुसऱ्या जातीचा ट्रान्झिस्टर मात्र नको. त्याला चालवण्याची पद्धतच वेगळी आहे.

पॉवर ट्रान्झिस्टर क्वचितच एकटा मरतो. बेसकडचे छोटे रेझिस्टर आणि डायोड तपासल्याशिवाय नवा लावलात तर तोही जाईल. हीटसिंकवर बसवताना अभ्रकाचा किंवा सिलिकॉनचा इन्सुलेटर परत घालायला विसरू नका.

लहान ट्रान्झिस्टरांत पायांचा क्रम फसवतो. २एससी१८१५ला डावीकडून एमिटर, कलेक्टर, बेस. २एन३९०४ला एमिटर, बेस, कलेक्टर. बीसी५४७ला कलेक्टर, बेस, एमिटर. गुणधर्म जुळतात, पण पाय वाकवून घ्यावे लागतात.

डायोडच्या बाबतीत एक चूक इतकी सर्रास दिसते की ती बघून वाईट वाटतं. सप्लायच्या आउटपुटकडे जळालेला डायोड काढून १एन४००७ लावतात, कारण त्यावर १००० व्होल्ट लिहिलेलं असतं. तो ५० हर्ट्झच्या लाइनसाठी आहे. स्विचिंगच्या हजारो हर्ट्झला तो वेळेवर बंदच होत नाही, उलटा प्रवाह जाऊ देतो आणि तापतो. तिथे यूएफ४००७सारखा वेगवान डायोड पाहिजे, ज्याला बंद व्हायला ७५ नॅनोसेकंद पुरतात. लाइनकडच्या ब्रिजमध्ये मात्र १एन४००७ जातीचा डायोड, अँपिअर पुरत असतील तर, बिनघोर चालतो.

५ व्होल्टच्या आउटपुटवर शॉटकी डायोड असतो, कारण त्यावर पडणारा व्होल्टेज कमी असतो. त्याऐवजी साधा वेगवान डायोड लावला आणि ०.५ऐवजी ०.९ व्होल्ट पडू लागले, तर २० अँपिअरला ८ वॉट जास्तीची उष्णता तयार होते. हीटसिंक तेवढ्यासाठी बनवलेलं नसतं. १२ व्होल्टच्या आउटपुटवर उलट काळजी घ्यायची. तिथे ४० व्होल्टचा शॉटकी टिकणार नाही, १०० ते २०० व्होल्टचा वेगवान डायोड लागतो.

चिपच्या बाबतीत दिलासा आहे. त्या काळच्या असंख्य सप्लायमध्ये टीएल४९४ आहे आणि तो आजही बनतो. बोर्डवर एमबी३७५९, यूपीसी४९४ किंवा केए७५०० लिहिलेलं असेल तरी पाय आणि काम तेच. ऑप्टोकपलर बदलताना सीटीआर, म्हणजे आतल्या दिव्याच्या प्रवाहाच्या किती टक्के प्रवाह पलीकडे मिळतो, तो मूळच्या पट्ट्यात बसतो का ते बघा. वयाने तो घटतो आणि त्यामुळे आउटपुटचा व्होल्टेज सरकतो.

लिनियर सप्लायमध्ये ५ व्होल्ट ३ अँपिअरचा एलएम३२३के दिसतो. त्याच्या जागी दीड अँपिअरचा ७८०५ लावून भागणार नाही, आणि दोन ७८०५ समांतर जोडूनही नाही, कारण ते भार सारखा वाटून घेत नाहीत. कमोडोर ६४चा बाहेरचा सप्लाय ही वेगळीच व्यथा. तो इपॉक्सीत ओतून बंद केलेला आहे, आणि रेग्युलेटर बिघडला की ५ व्होल्टच्या वायरीवर जास्त व्होल्टेज जाऊन मेमरी चिप मरतात. असा सप्लाय फोडून दुरुस्त करत बसू नये, नवा बनवावा. फक्त त्याला ५ व्होल्ट डीसीबरोबर ९ व्होल्ट एसीही लागतो, त्यामुळे नुसता ५ व्होल्टचा ॲडॅप्टर पुरत नाही.

उरलेलं थोडक्यात. फ्यूजवर ‘टी’ असेल तर सावकाश वितळणारा, ‘एफ’ असेल तर झटपट. अक्षर आणि अँपिअर दोन्ही जुळवा. फ्यूजचं काम करणाऱ्या रेझिस्टरच्या जागी तसाच ज्वालारोधक फ्यूजिबल रेझिस्टर लावा. लाइनकडचा लाखो ओहमचा रेझिस्टर बदलताना वॉटबरोबर त्याची व्होल्टेज मर्यादाही बघा. पाव वॉटच्या रेझिस्टरची ती बहुधा २५० व्होल्ट असते, म्हणून मूळ बोर्डवर कित्येकदा दोन ओळीने लावलेले दिसतात. त्या दोघांचा एक करू नका.

कुठून घ्यायचा

आजही बनणारे पार्ट अधिकृत वितरकाकडूनच घ्या. त्यांच्या संकेतस्थळावर व्होल्टेज, अँपिअर, व्यास, पायांचं अंतर असे आकडे भरून शोधता येतं, आणि काम समजून घेतलेल्या माणसाला हा शोध सोन्यासारखा आहे. बंद झालेले ट्रान्झिस्टर आणि चिप जुन्या साठ्यातून घ्यायला हरकत नाही, सिलिकॉन इलेक्ट्रोलिटिकसारखं वाळत नाही. धोका नकलीचा. दुर्मिळ आणि लोकप्रिय नंबरांवर नवी छपाई मारून स्वस्त पार्ट विकले जातात. पृष्ठभाग घासल्यासारखा खरखरीत, छपाई सॉल्व्हंटने पुसली जाणारी, बंद होऊन दशकं झालेल्या पार्टवर अलीकडची तारीख, ही लक्षणं. अशा दुर्मिळ मालापेक्षा आज बनणारा, वेगळ्या नंबराचा पण अस्सल पार्ट मला कधीही जास्त भरवशाचा वाटतो.

स्विचिंग ट्रान्सफॉर्मर मात्र विकत मिळत नाही. तो त्याच सप्लायसाठी गुंडाळलेला असतो. म्हणून पूर्ण मेलेला सप्लायही टाकू नका. त्यातले ट्रान्सफॉर्मर, चोक, हीटसिंक, कनेक्टर हे सगळं दुसऱ्याला जगवू शकतं.

पार्ट लावून झाल्यावर पहिली चाचणी लाइनच्या ओळीत फिलामेंटचा बल्ब लावून घ्या, एलईडीचा नव्हे. कुठे शॉर्ट राहिला असेल तर बल्ब भरून पेटतो आणि नवे पार्ट वाचतात. संगणकाचा बोर्ड जोडू नका, पण सप्लाय रिकामाही चालवू नका. जुन्या स्विचिंग सप्लायना किमान भार लागतो. ५ व्होल्टवर २ ओहमचा, २५ वॉटचा रेझिस्टर लावला तर अडीच अँपिअर जातात आणि साडेबारा वॉट खर्च होतात. बल्ब शांत राहिला की तो काढून थेट लाइनवर तपासा. व्होल्टेज ४.७५ ते ५.२५च्या आत हवा. त्याच भारावर अर्धा तास चालवून, प्लग काढून, कॅपॅसिटर उतरवून कोणता पार्ट अवाजवी तापला आहे का ते बघा. जास्त व्होल्टेज आला तर आउटपुट शॉर्ट करून बोर्ड वाचवणारं क्रोबार सर्किट असेल तर तेही तपासा. ते वारंवार कार्यरत होतं म्हणून काढून टाकणारे लोक आहेत, आणि त्याची किंमत मागाहून मदरबोर्ड मोजतो.

सप्लायचं झाकण लावण्याआधी त्याच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवा: कोणत्या जागी मूळ पार्ट कोणता होता, आता कोणता आहे, आणि तो का चालतो. ‘क्यू१, क्यू२: मूळ सी२३३५, आता १३००७, हाफ-ब्रिज, दोन्ही एकत्र बदलले.’ पुढच्या दुरुस्तीला बसणाऱ्याच्या हातात सर्किटचा जुना कागद असेल आणि बोर्डवर वेगळाच नंबर दिसेल, तेव्हा त्याला या ओळीचा उपयोग होईल.